कुळ सांगतो, जात विचारू नका

आर्द्रा नक्षत्र लागलं की सावंतवाडीत अण्णांच्या ओट्यावर पिशव्या येऊ लागतात. प्लास्टिकच्या, कापडी, एखादी केळीच्या पानाची पुरचुंडी. एकाने तर हेल्मेटमधून आणल्या होत्या. आत काय आहे हे विचारावं लागत नाही. काजूच्या बागेत, कुंपणाच्या कडेला, कुजलेल्या ओंडक्यावर, शेणाच्या गायरीत, जिथे म्हणून पावसाने काही उगवलं, ते तिथून उपटून अण्णांकडे आणायचं ही गावाची रीत झाली आहे. प्रश्नही ठरलेला.

"अण्णानु, खावची काय टाकूची, ताच सांगा."

पंचक्रोशीत अळंबीच्या बाबतीत अण्णांच्या वर कोणी नाही, याबद्दल दुमत नाही. फक्त त्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिल्याचं कोणालाच आठवत नाही.

अण्णा चष्मा कपाळावर सारतात, अळंबी हातात घेतात, उलटी करतात, वास घेतात, टोपीवरचे खवले नखाने हलवून बघतात. मग खोल श्वास घेऊन म्हणतात, "कुळ सांगतो. जात विचारू नका."

"कुळ तर कुळ. सांगा."

"अगॅरिकेसी. बाजारात डब्यात मिळतं ते बटण मशरूम याच कुळातलं."

"म्हणजे खावची!"

"आणि खाल्ल्यावर दोन तासांत सलाईन लावावं लागतं, तेही याच कुळातलं."

"मगे?"

"मग काय? ठेवून जा. उद्या सकाळी या."

आमच्या जिल्ह्यात नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग गाव, मग वाडी, आणि एवढ्यावरून जात न विचारता काढतात. त्या जिल्ह्यात कुळापाशी आपण होऊन थांबणारा माणूस विरळाच. लोकांना अण्णांबद्दल आदर आहे तो यामुळे, आणि राग आहे तोही यामुळेच.

हा स्वभाव त्यांना अळंबीने दिला नाही. अळंबीला तो आयताच मिळाला. अण्णांची सगळी नोकरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र. गुंठाभर जमिनीला मुंबई-पुण्यासकट चाळीस वारस असणाऱ्या या मुलखात समोर उभा असलेला माणूस म्हणजे तोच माणूस, हे मान्य करायला अण्णांना फार जड जायचं. दस्त करून देणाऱ्याला व्यक्तिशः ओळखणारे दोन इसम लागतात. अण्णा त्या दोन इसमांचीही ओळख मागायचे. सख्खा मेहुणा दस्त करायला आला तेव्हा त्याच्याकडे ओळखपत्र मागितलं. मेहुणा म्हणाला, "अहो, मी काल रात्री तुमच्याकडे जेवलो." अण्णा म्हणाले, "जेवणारा कोण होता हे मी काल तपासलं नव्हतं."

निवृत्त झाल्यावर मुलीने त्यांना आंबोलीच्या एका निसर्ग शिबिरात ढकललं. बाकीची मंडळी फुलपाखरांच्या मागे लागली. अण्णांनीही प्रयत्न केला, पण फुलपाखराची अडचण अशी की तुम्ही कागदपत्रं तपासेपर्यंत ते उडून जातं. बेडूक उडी मारतो. पक्षी तर चेहराही धड दाखवत नाही. आणि मग एका कुजलेल्या फांदीवर अण्णांना अळंबी दिसली. हलत नव्हती. घाई करत नव्हती. कार्यालयात बाकड्यावर नंबर लागेपर्यंत मुकाट बसणाऱ्या पक्षकारासारखी ती बसून होती. अण्णा त्याच क्षणी विरघळले.

त्यांची तपासणी सुरू होते ती जमिनीपासून. अळंबी सुरीने कापून आणणाऱ्याला ते ओट्यावरही चढू देत नाहीत. "अर्धाच दस्त आणलास. बाकीचा जमिनीत राहिला ना!" यात विनोद वाटतो, पण अण्णांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. जगातली सगळ्यात बदनाम विषारी अळंबी म्हणजे अमॅनिटा फॅलॉइडिस, युरोपातली. टोपी हिरवट, पाती पांढरी, देठावर झिरझिरीत झालर. यातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कोणत्या तरी निरुपद्रवी अळंबीतही सापडते. तिची खरी खूण बुंध्याशी असते. ती जन्मताना ज्या आवरणात गुंडाळलेली असते त्याचा उरलेला पेला देठाच्या तळाशी, बहुधा मातीत किंवा पाचोळ्यात दडलेला असतो. वरून कापलीत की पुरावा जागेवरच राहतो आणि आरोपी तेवढा टोपलीत येतो. म्हणून अण्णांच्या कमरेला पावसाळाभर एक छोटं खुरपं असतं. ते घेऊन लग्नालाही जातात.

या अमॅनिटाचं विष शिजवून जात नाही, वाळवून जात नाही. शिवाय ते सावकाश चालतं. खाल्ल्यावर सहा तास, बारा तास, कधी त्याहून जास्त काही होतच नाही. मग उलट्या, जुलाब. मग बरं वाटायला लागतं, माणूस उठून बसतो, चहा मागतो. आणि त्या अवधीत आत यकृत निकामी होत असतं. अण्णा हे सगळं पिशवी घेऊन आलेल्या माणसाला सावकाश, तारीखवार सांगतात. सावंतवाडीच्या काजूखाली अशी अळंबी अण्णांनी स्वतः कधी पाहिलेली नाही, पण तिच्या गोतातली मंडळी भारतात आहेत, तेवढं अण्णांना पुरे. ऐकणारा तोवर पिशवी तिथेच ठेवून निघालेला असतो.

मग येतो बीजाणूंचा ठसा. अण्णांच्या लेखी हाच खरा अंगठा. देठ काढून टाकायचा, टोपी कागदावर पाती खाली येतील अशी ठेवायची आणि वर पेला पालथा घालायचा. रात्रभरात पात्यांमधून बीजाणू गळतात आणि सकाळी टोपी उचलली की कागदावर तिच्या पात्यांची नक्षी उमटलेली असते. तिचा रंग बघायचा. अमॅनिटाचा पांढरा, बटण मशरूमच्या जातभाईंचा चॉकलेटी, काहींचा गुलाबी. पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसणार नाही, म्हणून अण्णा जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी अर्ध्या काळ्या रंगवून ठेवतात. प्रत्येकीवर जागा, तारीख, वेळ, झाड कोणतं, आणणारा कोण. खाली स्वतःची सही. सही करताना ते अजूनही शिक्का शोधतात.

याचा परिणाम असा की पावसाळ्यात त्या घरात पेले नसतात. पाहुण्यांना पाणी वाटीतून मिळतं. अण्णांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, बहिणीने एकदा अंधारात पेला उचलला तर खालून काहीतरी ओलं, मऊ हाताला लागलं. ती किंचाळली. अण्णा धावत आले आणि म्हणाले, "किती वाजले? नोंद करायला हवी, ठसा अकाली उचलला गेला."

गावात अण्णांचे विरोधकही आहेत, आणि ते सगळे चांदीचा चमचावाले आहेत. अळंबी शिजताना त्यात चांदीचा चमचा घालावा, काळा पडला तर विषारी. लसणाची पाकळी घालावी, रंग बदलला तर विषारी. किड्याने खाल्ली असेल तर माणसाने खायला हरकत नाही. या तिन्ही गोष्टी जगभर सांगतात आणि तिन्ही खोट्या आहेत. अमॅनिटाच्या विषाने चांदी काळी पडत नाही, लसूण तसाच राहतो, आणि गोगलगायी तर ती विषारी टोपी कुरतडून खुशाल पुढे सरकतात. शेजारचे बापू या शास्त्राचे पुरस्कर्ते. त्यांच्या घरात एकच चांदीचा चमचा आहे, नातवाच्या बारशातला, आणि बापूंचा सगळा विषशास्त्राचा कारभार त्या चमच्यावर चालतो. अण्णांनी त्यांना एकदा लेखी विचारलं की चमचा अंड्याच्या रश्शात घातला तर काळा पडतो, मग अंडं विषारी का? बापूंनी अंडं खाणं सोडलं.

श्रावणात वेगळंच प्रकरण उभं राहतं. कोकणात श्रावणात मासे-मटण बंद आणि नेमकी तेव्हाच अळंबी जोरात. चवीला कोंबडीच्या जवळ, म्हणायला भाजी. अशी सोय देवानेच केली असं सगळे मानतात. एका श्रावणी सोमवारी अण्णांच्या बहिणीने सहज विचारलं, "अण्णा, ही चालते ना रे आज?" हो म्हणून मोकळं व्हायचं! पण अण्णांना प्रश्न विचारला की ते उत्तराचा विचार करतात. म्हणाले, अळंबी ही वनस्पती नव्हे. व्हिटेकरने 1969 मध्ये सजीवांची पाच सृष्टींत वाटणी केली तेव्हा कवकांना वेगळा सातबारा मिळाला. आणि नातं बघितलं तर ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. तिच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असतं.

"म्हणजे काय?"

"कुर्लीचं कवच ज्याचं असतं ना, ते."

बहिणीने ताट सरकवलं. घरातल्या तीन सोवळ्या बायकांनी ताटं सरकवली. काकूंनी नारळ वाटून, आटवून केलेलं पातेलंभर सुकं होतं. काकू तेव्हा एक शब्द बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी अण्णांचे सगळे पालथे पेले सुलटे होऊन, घासून, फळीवर ओळीने लागलेले आढळले.

अण्णांचं एक बरं आहे, त्यांची सावधगिरी फक्त अळंबीपुरती नाही. पुतणीला स्थळ आलं तेव्हा मुलाची माहिती काढायला त्यांनाच पाठवलं. दोन दिवसांनी आले. मुलगा कसा आहे? "वरून बरा आहे. बुंधा बघायला मिळाला नाही." घर कसं आहे? "रंग नवा आहे. नव्या रंगावर मी जात नाही, उन्हापावसाने बदलतो." मग होकार द्यायचा की नाही? अण्णांनी पुतणीकडे बघितलं, पुतणीने त्यांच्याकडे. तिने तोवर होकार कळवून टाकला होता. लग्न झालं, सुखाचं चाललं आहे, मूल शाळेत जातं. अण्णा अजूनही जावयाचं नाव निघालं की म्हणतात, "बघू या."

एकदाच ते ठाम बोलल्याचं मी ऐकलं आहे, आणि तेही आडून. आमच्यातल्या एका रसिकाने रात्रीच्या बैठकीला अळंबी तळून न्यायचा बेत सांगितला. अण्णांनी त्याला समोर बसवून सांगितलं की शाईछत्री म्हणून एक अळंबी असते, तिची टोपी म्हातारपणी विरघळून काळी शाई होते. तिच्यातल्या एका जातीत कोप्रीन नावाचा पदार्थ असतो. नुसती खाल्ली तर काही नाही. पण सोबत दारू घेतली, किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत घेतली, तरी तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या येतात. दारू सोडवायला गोळ्या देतात, त्यांचा परिणाम साधारण असाच. रसिक बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "ही तीच आहे का?" अण्णा म्हणाले, "कुळ सांगतो..." त्याने बेत कायमचा रद्द केला. कोणता भाग, अळंबी की दारू, हे त्याच्या बायकोने जाहीर केलेलं नाही.

आता अण्णांच्या आयुष्यातला खरा पेच. तो बाजारात येतो, डोक्यावर टोपली घेऊन.

वारुळावरची अळंबी. गोव्यात तिला रोयणीची ओळमी म्हणतात, तिकडे तिच्यासाठी पणजीचा माणूस पहाटे डिचोलीला जातो. तिची गोष्ट अण्णांनीच मला सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. वारुळातल्या वाळव्या लाकूड-पाचोळा खाऊन आत आणतात आणि त्यांच्या विष्ठेचा सच्छिद्र गड्डा रचतात. त्यावर टर्मिटोमायसीस हे कवक वाढतं. वाळवीला लाकडातलं जे पचत नाही ते कवक पचवतं आणि वाळवी ते कवक खाते. हा संसार तीनेक कोटी वर्षांचा, आणि दोघांपैकी कोणीही एकटा जगत नाही. पाऊस मुरला की त्या गड्ड्यातून एक लांब मूळ मातीतून वर चढतं आणि टोकदार टोपी जमीन फोडून बाहेर येते. ही अळंबी बटण मशरूमसारखी शेडमध्ये पिकवून बाजारात आणणं कोणालाही जमलेलं नाही. म्हणून ती रानातूनच आणावी लागते, म्हणून ती महाग, आणि म्हणून कोणाचं वारूळ कुठे आहे हे या भागात बापही मुलाला मरायला टेकल्याशिवाय सांगत नाही.

टोपलीवाल्या बाई दर पावसाळ्यात काकूंकडे येतात. अण्णा दाराआड उभे असतात. काकू वाटा घेतात, पैसे देतात आणि मग अण्णांना राहवत नाही.

"ही टर्मिटोमायसीसच, याची तुम्हांला खात्री आहे?"

"ता काय ता माका म्हायत नाय. ही आमची अळमी."

"पण ओळख कोणी पटवली?"

बाईंनी टोपली खाली ठेवली. "माका माज्या सासवेन दाखयल्यान. तिका तिच्या सासवेन. आमी सगळी अजून जिती आसव."

अण्णा एकदम गप्प झाले. ओळख पटवणारे दोन इसम! शिवाय दोघी व्यक्तिशः ओळखणाऱ्या. कायद्याप्रमाणे दस्त पूर्ण होता.

त्या बाईंना अळंबीची एक जात माहीत आहे, एकच. एका वारुळाच्या आसपास, ठराविक पावसात, ठराविक मुळाची. दुसरी कोणती दाखवली तर त्या हातही लावत नाहीत. "माका नको" म्हणून चालू लागतात. अण्णांना शंभरेक लॅटिन नावं पाठ आहेत आणि एकावरही त्यांचा विश्वास नाही. मला विचाराल तर जेवायला मी बाईंकडे जाईन आणि ऐकायला अण्णांकडे.

खाण्याचं म्हणाल तर अण्णा खातात. काकूंपुढे इलाज नाही. पण त्यांची खायची एक पद्धत आहे. शिजवायच्या आधी एक अळंबी मुळासकट बाजूला काढतात, कागदात गुंडाळतात, तारीख घालतात आणि फ्रीजमध्ये ठेवतात. कोणाला काही झालंच तर डॉक्टरांना नमुना दाखवता यावा म्हणून. हा शहाणपणाचा सल्ला आहे, विषबाधेचे डॉक्टरही हेच सांगतात. फक्त काकूंना वाटतं की नवऱ्याने जेवणाच्या आधी आपल्या स्वयंपाकाचा पंचनामा करावा हे बरं दिसत नाही. मग जेवतात. कशी झाली आहे? अण्णा बोलत नाहीत. घड्याळ बघतात. सहा तास होतात, बारा होतात, रात्र जाते, दुसऱ्या दिवसाची दुपार जाते. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की अण्णा स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि म्हणतात, "कालची अळंबी फार सुरेख झाली होती." इतक्या वर्षांच्या संसारात काकूंना त्या भाजीची वाहवा त्याच दिवशी कधी मिळालेली नाही.

मुलगी झुरिकला असते. तिच्याकडे अण्णा एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात गेले आणि तिथे त्यांना स्वर्ग दिसला. स्वित्झर्लंडमध्ये अनेक गावांत अळंबी तपासायची सरकारी सोय असते. रानातून टोपली भरून आणावी, तपासनीसासमोर ओतावी. तो एकेक उचलून खाण्याजोगी इकडे, नको ती तिकडे करतो आणि वर चिठ्ठी देतो. झुरिकच्या भागात तर महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत अळंबी तोडायची नाही आणि एरवीही माणशी दिवसाला किलोच्या वर नाही, असा तेव्हाचा नियम. नियम, टेबल, चिठ्ठी! अण्णांचे डोळे भरून आले.

मुलीच्या मित्रांनी जमवलेली टोपली घेऊन ते रांगेत उभे राहिले. टेबलामागे एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी कागद पसरला आणि टोपली उपडी केली. बोलेटस, पोटाशी पात्यांऐवजी स्पंजासारखी छिद्रं, इकडे. शँटरेल, पिवळी, जर्दाळूच्या वासाची, इकडे. ही जुनी झाली, बादलीत. ही कापून आणली, बुंधा नाही, बादलीत. इथे अण्णांनी मुलीच्या मित्रांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. शेवटी बाईंनी एक हिरवट टोपी दोन बोटांनी उचलली, तळाशी चिकटलेला पांढरा पेला सगळ्यांना फिरवून दाखवला आणि ती वेगळी ठेवली. अमॅनिटा फॅलॉइडिस, साक्षात. मित्रमंडळी दोन पावलं मागे सरकली. अण्णांनी हात जोडले.

पण परतीच्या ट्राममध्ये ते खिन्न होते. "एकेका अळंबीला पाच-दहा सेकंद. ठसा नाही, नोंद नाही, उद्या या नाही. आणि बाई सरळ सांगतात, खा!" मुलीने समजावलं की बाबा, त्या परीक्षा देऊन तपासनीस झाल्या आहेत, आणि जी ओळखता येत नाही ती सरळ बादलीत टाकतात. अण्णांना हेच कळत नव्हतं. ओळखता येत नाही म्हणून टाकायची? मग त्यांच्याकडे इतकी वर्षं जमलेल्या सगळ्या लग्नपत्रिकांचं काय करायचं?

परत आल्यावर त्यांनी जिल्ह्यात असा अळंबी तपासणी कक्ष असावा म्हणून अर्जाचा मसुदा केला. काकूंनी वाचला. "आणि अधिकारी कोण?" अण्णा लाजले. काकू म्हणाल्या, "मग टोपल्या ठेवायला गोदामही मागा."

खरी परीक्षा झाली ती गेल्या पावसाळ्यात. आमच्या आळीत एका निवृत्त चाकरमान्याने बंगला बांधला आणि पुढे हिरवळ केली, नर्सरीतून चौकोनी तुकडे आणून चिकटवलेली. पावसाने पंधरा दिवस झोडपल्यावर त्या हिरवळीवर एका रात्रीत ताटल्यांएवढ्या पांढऱ्या अळंब्या उगवल्या, त्याही गोल रिंगण करून. आळी बघायला जमली. मुंबईत तीस वर्षं अळंबीवाचून काढलेल्या त्या माणसाला आपल्या दारात लक्ष्मी आल्यासारखं झालं. तो एक घेऊन अण्णांकडे आला.

अण्णांनी सगळं बघितलं. पांढऱ्या टोपीवर तपकिरी खवले. देठावर वरखाली सरकणारं कडं. बुंध्याशी पेला नाही. पाती पांढरी, पण जून अळंबी आणा म्हणाले. आणली, तर तिची पाती किंचित मळकट, हिरवटसर की काय, असा भास.

"अगॅरिकेसी," अण्णा म्हणाले.

"म्हणजे बटण मशरूमचं कुळ. वाचलंय मी."

"दुसरंही आहे त्या कुळात. आज खाऊ नका. ठसा घेतो. उद्या सकाळी या."

आता इथे अण्णांची बाजू घ्यायला हवी. त्यांनी खाऊ नका असं स्वच्छ सांगितलं होतं. पण ते प्रत्येकालाच, प्रत्येक अळंबीबद्दल, इतकी वर्षं तेच सांगत आले आहेत. फणसाच्या खोडावरचा फणसोंबा, जो आमच्या आज्या पोरांचं तोंड आलं की उगाळून लावत, त्याबद्दलही अण्णा "उद्या या" म्हणाले होते. रोज वाजणारी घंटा आळीने ऐकणं कधीच सोडून दिलं होतं. चाकरमान्याने बापूंना विचारलं. बापू चमचा घेऊन गेले. चमचा शेवटपर्यंत लखलखीत राहिला.

रात्री साडेनऊला ते जेवले. साडेअकराला रिक्षा आली. नवरा, बायको आणि चव बघायला थांबलेले बापू असे तिघे रुग्णालयात गेले. उलट्या इतक्या की बापूंना नातवाचं नावही आठवेना. रात्रभर सलाईन चाललं. जीव कोणाचाच गेला नाही, जायचाही नव्हता फारसा. पण त्या रात्री तिघांनीही ते मान्य केलं नसतं.

सकाळी आम्ही काही जण भेटायला गेलो. तिघे ओळीने पडले होते, मातीच्या रंगाचे. आणि एवढ्यात अण्णा आत आले. हातात फ्रीजमधला कागदात गुंडाळलेला नमुना, दुसऱ्या हातात कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. चेहरा असा उजळलेला की तो प्रसंगाला अजिबात शोभत नव्हता. त्यांनी "कसं वाटतंय" विचारलं नाही. सरळ पत्रिका रुग्णाच्या डोळ्यांपुढे धरली. अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पात्यांची गोल नक्षी उमटली होती, आणि पांढऱ्या बाजूला ती स्वच्छ, निर्विवाद हिरवी होती.

"हिरवा!" अण्णा म्हणाले. "सगळ्या अळंब्यांत हिरवा ठसा जवळजवळ हिचाच! क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस!"

तरुण डॉक्टरीणबाई फाईल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी स्पेलिंग विचारलं. अण्णांनी सांगितलं, अक्षर अक्षर करून, आणि खाली सही कुठे करायची ते विचारलं. माझ्या आठवणीत जात सांगितल्याचा हा पहिलाच दिवस.

चाकरमान्याने सलाईनच्या नळीखालून मान वळवली. आवाज फुटत नव्हता.

"अण्णानु... ह्या कालच सांगितला असतात तर?"

अण्णांना प्रश्नच कळला नाही.

"काल?" ते म्हणाले. "काल बीजाणू कुठे पडले होते?"